रजईखालची शिट्टी

मला विकत घेण्याआधी एवढं ऐकून घ्या. मी मदरबोर्ड बोलतोय. दुकानात शिरलं की उजव्या हाताला जे काचेचं कपाट आहे, त्याच्या मधल्या फळीवर निळ्या खोक्यात मी आहे. खोक्यावरची चिकटपट्टी नवी दिसते. ती नवीच आहे, परवाच लावलीय. आतला मी मात्र नवा नाही.

नावात आई असूनही मला सगळे 'तो' म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही, पण काम आईचंच आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पंखे, सगळ्यांना अंगावर घ्यायचं, ज्याला जेवढी वीज सोसेल तेवढीच भरवायची, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा. घरात कॉम्प्युटर आला की लोक पडद्याचं कौतुक करतात. मला कोणी बघतही नाही. बिघडलो तरच माझं नाव निघतं, आणि तेव्हाही आधी दुसऱ्या कोणाकोणावर आळ घेऊन झालेला असतो.

मी जन्मलो तो एका लांबलचक, थंडगार हॉलमध्ये. काळ्या पाटीवर तांब्याच्या बारीक वाटा आखल्या गेल्या, यंत्रांनी एकेक भाग टिपून बसवला, आणि शेवटी पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला दिव्याखाली धरून वळवून वळवून पाहिलं. त्यांनी शिक्का मारला तेव्हा माझ्यात खरोखर काही खोट नव्हती. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, हा मुळातच कच्चा असणार. मी कच्चा नव्हतो.

माझा पहिला मालक कार्टूनच्या फिल्मा बनवायचा. माणूस कामसू होता, पण त्याला पंख्याचा आवाज खपत नसे. म्हणून त्यानं अख्खा कॉम्प्युटर लाकडी कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं. मी आत शिजत असे. माझ्या अंगावर, प्रोसेसरच्या कडेनं, दहा छोट्या काळ्या चिप्स ओळीनं बसल्या आहेत. वीज प्रोसेसरला झेपेल इतकी बारीक करून देणं हे त्यांचं काम. त्यांच्या डोक्यावर उष्णता शोषायला धातूचा जाडजूड ठोकळा असतो. त्या कपाटात तो ठोकळाही हरला, आणि तिसऱ्या चिपला आतून तडा गेला. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फक्त काम वाढलं की तिच्या शेजारची कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, शिट्टी वाजवायला लागली. बारीक, उंच, डासापेक्षाही बारीक.

ती शिट्टी म्हणजे माझा आवाज. मला दुसरा आवाज नाही.

कार्टूनवाल्यानं मला परत आणलं. "मधेच बंद पडतो," म्हणाला. दुकानदारानं मला टेबलावर जोडलं आणि दहा मिनिटं चालवलं. त्याचा नियमच आहे तो, काहीही परत आलं की दहा मिनिटं. दहा मिनिटं मी चाललो. मग त्यानं ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून मला अंगभर घासलं, कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ काढली आणि निळ्या खोक्यात घालून फळीवर ठेवलं. माणूस काही राक्षस नाही. आपल्याला जे बघायचं नाही ते दहा मिनिटांत दिसत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक आहे.

मग एका शनिवारी सकाळी ते दोघं आले, बाप आणि लेक.

बाप म्हणजे रेडिओकाका. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी खिशात अजून छोटा स्क्रू-ड्रायव्हर. मुलगी दुसऱ्या गावी नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरीला, दोन दिवसांची सुट्टी काढून आलेली. तिच्या हातात कागद होता. कुठला प्रोसेसर, किती मेमरी, कुठली डिस्क, सगळं लिहिलेलं. फक्त मदरबोर्डपुढे दोन नावं होती आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह.

"काम काय करणार त्याच्यावर?" दुकानदारानं विचारलं.

मग मुलगी म्हणाली, "आईच्या घशाचं ऑपरेशन आहे, चोवीस दिवसांनी. स्वरयंत्र काढणार आहेत. त्याआधी तिचा आवाज भरून ठेवायचाय."

हॉस्पिटलातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी त्यांना एक प्रोग्रॅम दिला होता. त्यात सहाशे वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. सहाशे पूर्ण झाली की प्रोग्रॅम त्यातून आवाज तयार करतो. मग पुढे आईनं काहीही टाइप केलं की मशीन ते तिच्याच आवाजात बोलून दाखवणार. घसा लवकर दमतो, म्हणून दिवसाला तीसच वाक्यं. म्हणजे वीस दिवस. हाताशी होते चोवीस.

दुकानदारानं दोन खोकी समोर ठेवली. एकात मी. दुसऱ्यात माझ्या शेजारचा, साधा, पातळसा बोर्ड, पण सीलबंद.

"बाबा, हा घेऊ या," मुलगी त्या पातळ बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाली. "साधा आहे, पण आपल्याला एवढंच लागतं. आणि फोडलेला नाही."

काकांनी एका हातात तो घेतला, दुसऱ्या हातात मी. दोन्ही हात वरखाली करून वजन पाहिलं. "हा बघ, पुठ्ठ्यासारखा लागतोय. आणि हा? ह्याला म्हणतात माल. सोल्डर बघ, आरशासारखं."

"पण ह्याचं खोकं उघडलेलं आहे."

"आधीच्या गिऱ्हाईकाला रंग आवडला नाही हो," दुकानदार चटकन म्हणाला. "कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला काच होती त्याच्या, त्याला पांढरा पाहिजे होता. बाकी वॉरंटी वगैरे सगळं आहे."

मग काकांनी मला नाकाशी धरलं. मला वाटलं, सुटलो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची ती जुनी सवय. जळका भाग डोळ्यांआधी नाकाला सापडतो. त्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. पण त्यांच्या नाकात शिरला स्पिरिटचा वास. चाळीस वर्षं त्यांच्या स्वतःच्या दुकानाला हाच वास होता. त्यांचा चेहरा असा काही खुलला, जणू जुना मित्र भेटला.

"स्वच्छ ठेवलाय," ते म्हणाले. "हाच द्या."

बापाला बऱ्याच दिवसांनी खूश पाहिलेलं तिला मोडवलं नाही. माझी निवड झाली ती अशी. कागदावरच्या दोन प्रश्नचिन्हांपैकी एक तिनं खोडलं, आणि ते चुकीचं होतं.

घर छोटं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्याच्या बाजूला पलंग. काकांनी मला इतक्या मायेनं बसवलं की मला लाज वाटली. प्रत्येक स्क्रू बोटांनी आधी फिरवून घेतला. सगळ्यात शेवटी ती डिस्क, पट्टीएवढी, चपटी. माझ्यावरच प्रोसेसरच्या शेजारी एक खाच असते, तिच्यात ती आडवी बसते. "ह्याच्यात तुझी आई राहणार आता," काका मुलीला म्हणाले, आणि लगेच खाकरून दुसरंच काही बोलायला लागले.

आई आतल्या खोलीतून आल्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून दिलं. आवाज आता घोगरा झालेला, वाक्याच्या शेवटी घासला जायचा. पण बोलण्याची हौस जराही कमी नव्हती. आणि बोलायच्या मोठ्यानं; दोन खोल्यांच्या घराला अजिबात गरज नसताना.

"काय वाचायचं?" त्यांनी पडद्यावरची वाक्यं पाहिली. "'आज हवा छान आहे. मला पाणी हवे आहे. खिडकी लावा.' अरे देवा! ही काय माझी वाक्यं आहेत का? मी असं कधी बोलते?"

"आई, वाच ना गं नुसतं."

"वाचते. पण मधे मधे माझी घालणार. ऑपरेशननंतर मला भांडता आलं पाहिजे, नाहीतर ह्या डब्याचा उपयोग काय?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून चाळीस वाक्यं झाली. शेवटच्या चार-पाच वाक्यांना माझं काम वाढलं आणि शिट्टी सुरू झाली; चाळिसाव्याला ती चढली. आई वाचता वाचता थांबल्या. मान तिरकी केली. एक्स्चेंजमध्ये लाइनवर खरखर आली की त्या अशीच मान करत असणार.

"अहो, शिट्टी वाजतेय. ऐकू येतंय का तुम्हाला?"

"कुठे?" काका म्हणाले.

"थांबा, हे रेकॉर्ड झालं वाटतं."

मुलगी त्या वेळी सामान भरत होती. गाडीची वेळ झाली होती. तिनं घाईघाईत ती चाळीस वाक्यं पेन ड्राइव्हवर घेतली, ऑफिसात निवांत ऐकून बघते म्हणाली. जाताना दारातून ओरडली, "बाबा, रोजच्या रोज कॉपी घेत जा हं!"

"सगळं झालं की एकदमच घेऊ," काका म्हणाले. ती जिन्यावर होती. तिला बहुतेक ऐकू गेलं नाही.

मंगळवारी तिचा फोन आला. "बाबा, मागे बारीक शिट्टी आहे. सगळ्या वाक्यांत नाही, पण आहे."

काकांनी कॅबिनेटला कान लावला. उजवा लावला, डावा लावला. मी जिवाच्या आकांतानं वाजत होतो. त्यांचा कान माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

"मला नाही येत," ते म्हणाले.

"अहो, मी सांगतेय ना!" आई पलंगावरून म्हणाल्या. "चांगली कानात सुई घुसल्यासारखी येतेय."

"ह्या कानांनी चाळीस वर्षं रेडिओ जुळवलेत मी. आवाज असता तर मला आला नसता?"

मला तेव्हा कळलं. काकांच्या कानातून उंच आवाज निघून गेले होते. सगळे नाही, फक्त वरचे. घंटी, पाखरं, कुकरची शिट्टी, मी. माणसाचं हे असं असतं. दात पडला तर जिभेला लगेच समजतं. कानातून मात्र एखादा आवाज निघून गेला तर जगच शांत झालंय असं वाटतं. आणि ज्याचं पोट कानांवर भरलं, त्याला हे सांगणार कोण?

काका वरवर नाही म्हणाले, पण बायकोचं बोलणं त्यांनी मनातून टाकलं नव्हतं. तिला त्रास होतोय एवढं त्यांना पुरे होतं. दुपारी त्यांनी पलंगाखालच्या पेटीतून रजई काढली. जाड, कापसाची, दोघांना पुरेल एवढी. ती घडी करून कॅबिनेटवर घातली. मागची बाजू झाकली, जाळी झाकली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली. आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी.

"आता?"

आईंनी मान तिरकी केली. "नाही येत आता."

त्यांनी नमुना म्हणून तीन वाक्यं मुलीला पाठवली. तिचा लगेच फोन. "एकदम स्वच्छ आहे! काय केलंत बाबा?"

"काही नाही गं. एक स्क्रू सैल होता, बसवला."

रजईचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर नकाशे काढणारी का होईना, त्या पोरीला हे नक्की समजलं असतं की कॉम्प्युटरला पांघरूण घालत नाहीत. पण मग शिट्टी होती हेही कबूल करावं लागलं असतं.

पुढचे दिवस मी मोजून काढले. रोज सकाळी नऊ ते साडेदहा. रजईच्या आत हवा कोंडायची, माझाच गरम श्वास मला परत घ्यावा लागायचा. तिसऱ्या चिपचा तडा रोज केसभर वाढत होता. मी वाजत होतो आणि माझा आवाज कापूस पीत होता. जिला मी ऐकू येत होतो, तिच्यापासून मला तोडलं होतं. ते तिच्या सुखासाठीच केलं होतं, म्हणून तर मला राग कोणावर धरावा ते कळेना.

आणि बाहेर काय चाललं होतं सांगू? त्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. आई वाचत, काका बटण दाबत. मधेच आई आपली वाक्यं घालत. "ओला टॉवेल पलंगावर टाकू नका." "चष्मा कपाळावरच आहे." "मी काय म्हणतेय ते ऐकून तरी घ्या." काका हसून हसून चुकीचं बटण दाबत आणि मग तेच वाक्य पुन्हा. दोनशे झाली, तीनशे झाली. काका भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज आकडा लिहीत. चारशे ऐंशीला आईंचा आवाज बसला, पण त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. पाचशे दहा. पाचशे चाळीस. एकविसाव्या दिवशी त्यांनी पाचशे नव्व्याण्णवपर्यंत आणलं.

"आता तुम्ही जरा स्वयंपाकघरात जा," आई म्हणाल्या.

"का?"

"जा म्हटलं ना. शेवटचं वाक्य माझं मी रेकॉर्ड करीन. बटण कुठलं ते मला माहितेय. सहाशेही वाक्यं पाठ झालीत मला तुमच्या बटणासकट."

काका गेले. आईंनी दार लोटून घेतलं. माइकजवळ वाकल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

"तुमच्या कानांचं मला दहा वर्षांपासून माहितेय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मोठ्यानं बोलायला लागले, एवढंच. तुम्हाला वाटलं मी चिडखोर झाले."

हे वाक्य त्या डिस्कवर गेलं आणि माझ्यातून गेलं. तिसऱ्या कोणाला ते माहीत नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण मला ते आता जड झालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलेलं शेवटचं बटण दाबलं. सहाशे वाक्यांतून आवाज तयार करायचं बटण. पडद्यावर लिहून आलं, आठ तास लागतील. आजवर माझ्याकडून रोज दीड तास काम, तेही थांबत थांबत. आता सलग आठ तास, पूर्ण जोर लावून.

शिट्टी अशी चढली की रजईतूनही बाहेर आली. आई आतल्या खोलीत हॉस्पिटलची पिशवी भरत होत्या. "अहो, पुन्हा वाजतेय! आज तर ओरडतंय ते!"

काका उठले. परवा तिचं ऑपरेशन, उद्या भरती. आज तिला झोप मिळाली पाहिजे. त्यांनी पलंगावरची दुसरी रजई उचलली आणि पहिलीवर घातली.

"अहो, बंद करा ना थोडा वेळ."

"मधे बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. थोडी कळ काढ. तुझाच आवाज आहे तो, तयार होतोय."

दुपारी दोनच्या सुमारास तिसऱ्या चिपनं जीव सोडला. ती एकटी गेली असती तर भागलं असतं. पण जाताना तिनं वाट मोकळी सोडली. जी वीज मी जन्मभर थेंबाथेंबानं वाटली, ती सगळी एकदम आत घुसली. आधी प्रोसेसर. मग त्याच्या शेजारची, माझ्याच अंगावर आडवी पडलेली ती चपटी डिस्क. अडवायचं माझं काम होतं. मला अडवता आलं नाही.

काकांचं नाक शाबूत होतं. स्वयंपाकघरातून ते धावत आले, प्लग उपटला, रजया ओढून फेकल्या. आतली रजई पिवळी पडली होती, एका जागी काळा डाग. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मग भराभर स्क्रू काढून त्यांनी मला बाहेर काढलं, वर्तमानपत्रावर ठेवलं. तिसऱ्या चिपच्या जागी खड्डा पडला होता.

आई दारात. "गेलं का सगळं?"

"छे! बोर्ड गेला फक्त. डिस्कला काही होत नाही, ती वेगळी असते." काकांनी डिस्क खाचेतून काढली, उलटसुलट पाहिली. तिच्यावर डाग नव्हता. सवयीनं नाकाशी नेली, पण सगळ्या खोलीलाच जळका वास होता. "तू ये बरी होऊन. तोवर नवीन बोर्ड बसवून ठेवतो. आहे तुझा आवाज ह्याच्यात."

मुलीचा फोन आला. ती म्हणत होती, बाबा, डिस्क आत्ताच्या आत्ता कोणाकडे तरी लावून बघा. आज संध्याकाळ आहे, उद्या सकाळ आहे, आई अजून बोलतेय. काका म्हणाले, "तिची पिशवी भरायचीय, रिपोर्ट गोळा करायचेत. डिस्क कुठे पळून जातेय का?"

मी वर्तमानपत्रावर पडून ऐकत होतो. आई अजून बोलत होत्या. अख्खी संध्याकाळ बोलत होत्या, शेजारणीशी, मुलीशी फोनवर, काकांशी. टेबलावर एक मेलेली डिस्क आणि तिच्याभोवती ते सगळं बोलणं वाया चाललेलं. साधा फोन पुढ्यात धरला असता तरी काही राहिलं असतं. पण ज्याला वाटतं आपलं घबाड तिजोरीत आहे, तो रस्त्यावरचं नाणं उचलत नाही. सकाळी दाराला कुलूप लावताना आई म्हणाल्या, "गॅस बंद केलात का?" त्या घरातलं त्यांचं हे शेवटचं बोलणं. काकांनी ऐकलं नाही, की ऐकून उत्तर दिलं नाही, मला सांगता येणार नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. सहाव्या दिवशी काका आणि मुलगी घरी आले आणि त्यांनी डिस्क मुलीच्या कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर काही आलं नाही. काढून पुन्हा लावली. मग ते ती घेऊन एका जाणकाराकडे गेले. दोन तासांनी परतले तेव्हा मुलीचे डोळे सुजले होते आणि काका माझ्याकडे बघत नव्हते. ते रजईकडे बघत होते. ती अजून खुर्चीवर तशीच पडली होती, डाग वर करून.

"स्क्रू नव्हता सैल," ते म्हणाले. "रजई घातली होती मी."

मुलीनं उठून रजईची घडी केली, डाग आत गेला. मग एकदम तिला आठवलं. ऑफिसच्या पिशवीतला पेन ड्राइव्ह. पहिली चाळीस वाक्यं.

चाळीस वाक्यांतून आवाज तयार होत नाही. वाचा-उपचाराच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं. फार तर फोनवर चाळीस बटणं करून देता येतील. दाबलं की ते वाक्य जसंच्या तसं वाजेल. तेवढंच.

आई घरी आल्या. गळ्याला पट्टी, हातात फोन. पलंगावर बसून त्यांनी एकेक बटण दाबून पाहिलं. "आज हवा छान आहे." "मला पाणी हवे आहे." "खिडकी लावा." आपलाच आवाज, परक्या वाक्यांत. टॉवेल नव्हता, चष्मा नव्हता, भांडणाचं एकही नव्हतं. आणि सहाशेवं तर नव्हतंच. त्यांनी यादी दोनदा वरखाली केली. ते शोधताहेत हे फक्त मला कळलं.

शेवटी त्यांनी चाळिसावं दाबलं.

"अहो, शिट्टी वाजतेय. ऐकू येतंय का तुम्हाला?" आणि मागोमाग काकांचाच आवाज, "कुठे?"

काका खिडकीशी उभे होते. ते आले आणि खाली फरशीवरच बसले, पलंगाला टेकून.

"नाही," ते म्हणाले. "नाही येत गं मला ऐकू. पुष्कळ दिवसांपासून नाही येत."

आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. दहा वर्षं जपून ठेवलेलं बोलणं त्यांच्या ओठांपर्यंत आलं असणार, पण ते बाहेर काढायला काही उरलं नव्हतं. पाटी-पेन्सिल घेऊन लिहिता आलं असतं. त्यांनी लिहिलं नाही. त्यांचं मोठ्यानं बोलणं चिडखोरपणाचं नव्हतं, हे काकांना आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून काकांना हाक मारायची झाली की त्या चाळिसावं बटण दाबतात. काका जिथे असतील तिथून येतात.

पुढच्या आठवड्यात काकांनी मला खोक्यात घातलं आणि इथे आणलं. वॉरंटी होती, दुकानदारानं खळखळ केली नाही. बदली म्हणून काकांनी तो साधा, पातळ, सीलबंद बोर्ड उचलला. वजन करून बघितलं नाही, वास घेतला नाही.

"हा पुन्हा विकू नका," माझ्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "ह्याची शिट्टी वाजायची. तुम्हाला ऐकू आली होती?"

"दुकानात गोंगाट असतो हो, काका. छे छे, विकतोय कसला! हा भंगारात जाणार आता."

काका गेल्यावर त्यानं मला दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. तिसरी चिप नवी बसली, खड्डा बुजला. मग ब्रश, स्पिरिट, दहा मिनिटं. दहा मिनिटं मी चाललो. पण तिसरीच्या शेजारी जी चौथी आहे, तिनं ती दुपार फार जवळून पाहिलीय. तिच्या आत केसाएवढी रेघ आहे. बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून सांगतोय. माझं वजन बघू नका, माझ्या अंगाला येणारा वास स्वच्छपणाचा समजू नका. घरी नेलंतच तर माझ्यावर पांघरूण घालू नका. बारीक शिट्टी आली तर ती दाबू नका, मला बाहेर काढा. आणि तुम्हाला ती येत नसेल, पण घरात कोणी मान तिरकी करून 'येतेय' म्हणत असेल, तर त्या माणसाचं ऐका.

कोणीतरी कपाट उघडलंय. खोकं उचललं गेलं. एका बाईंचा हात आहे, दुसऱ्या हातात यादीचा कागद.

"हा चांगला जड आहे," त्या म्हणतात. "पण खोकं उघडल्यासारखं वाटतंय."

"आधीच्या गिऱ्हाईकाला रंग आवडला नाही हो," दुकानदार म्हणतो.